घोडं कुठं बांधलंय?

माझा थोरला भाऊ रघोजी तसा वाईट माणूस नाही, पण घोड्यांचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरतं. आमच्याकडे शेवटचा घोडा कधी होता हे कुणालाच ठाऊक नाही. पूर्वज राजांबरोबर घोड्यावरून तंजावरला आले, एवढ्या भांडवलावर आम्ही आजतागायत फुशारकी मारतो. त्या काळातली एक रीत मात्र घरात टिकून आहे. साखरपुड्यात मुलीचा बाप मुलाला चारचौघांत विचारतो, "घोडं कुठं बांधलंय?" मुलाने त्याला आपलं वाहन दाखवायचं, बापाने त्या वाहनाला कुंकू लावायचं, आणि मगच मुलगी दिली असं समजायचं. घोड्याची बैलगाडी झाली, बैलगाडीची मोटार झाली. माझ्या वेळी सायकल होती. बाबा तिच्या हँडलला कुंकू लावत होते तेव्हा कोण कोण गालातल्या गालात हसलं, ते सगळे मला अजून नावानिशी पाठ आहेत.

रघोजीच्या मुलीने, संगीताने, तिरुवैयारुच्या कार्तिकेयला पसंत केलं. मुलगा आपल्यातलाच. आई भामा गाणं शिकवते, मुलगा डेन्मार्कला पवनचक्क्यांचा इंजिनिअर आहे. संगीताने हे सगळ्यांत आधी मला सांगितलं, कारण तिच्या बापापर्यंतचा रस्ता आत्याच्या घरावरूनच जातो. मी रघोजीच्या कानावर घातलं. त्याने शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही.

"गाडी कंची?"

"गाडी नाही. सायकल आहे," मी म्हटलं.

"अय्यो! डेन्मार्कला राहून सायकल? हेकडे आपल्या दूधवाल्याकडे कार आहे, सुंदरी! पोरगा एक तर कंगाल असंल, नाही तर चिक्कू."

मग त्याने चौकशी आरंभली. चौकशी म्हणजे ओट्यावर बसून, फोन स्पीकरवर टाकून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणं. पहिला फोन ह्यूस्टनला, आमच्या चुलतभावाला, अमरसिंहाला.

"दोन गाड्या आहेत अण्णा. एक माझी, एक बायकोची," अमरसिंह म्हणाला. "हेकडे गाडी नाही तर दूध पण आणता येत नाही. नंबरपट्टीचा वर्षाचा कर म्हणजे दोघांचं हॉटेलातलं एक जेवण. पेट्रोल पण तुमच्यापेक्षा स्वस्त. विमा मात्र बघ..."

विम्यापर्यंत ऐकून घ्यायला रघोजी थांबलाच नाही. त्याला हवं ते मिळालं होतं. दुसरा फोन सिंगापूरला, मामेबहिणीच्या मुलीला, वासुकीला.

"मामा, हेकडे गाडीच्या आधी गाडी घ्यायची परवानगी विकत घ्यावी लागते," ती म्हणाली. "ती परवानगीच गाडीपेक्षा महाग पडते. आणि दहा वर्षांनी ती संपते."

"म्हणजे घोड्यापेक्षा लगाम महाग?" फोन ठेवून रघोजी माझ्याकडे वळला. "ही पोरगी लहानपणापासून थापाडी."

त्याच्या लेखी जगात दोनच कायदे होते. एक आपल्या तमिळनाडूचा, जिथे गाडी घेताना एकदा आजीव कर भरला की सरकार पंधरा वर्षं तोंड दाखवत नाही. दुसरा ह्यूस्टनचा. डेन्मार्क यांपैकी कशात तरी बसायलाच हवं होतं.

कार्तिकेय रजेवर आला तेव्हा मीच त्याला घरी बोलावलं. संगीताने कॉफी आणली. कार्तिकेयने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. रघोजीने सरळ मुद्द्याला हात घातला.

"काय रे, गाडी का नाही?"

"परवडती, मामा, पण घेत नाही," कार्तिकेय म्हणाला; होणाऱ्या सासऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. "तेकडे गाडीच्या किमतीवर आधी एक कर. मग त्या करासकट जी किंमत होती तिच्यावर नोंदणीचा दुसरा कर. गाडी मोठी असली तर तो कर गाडीलाच गिळतो. नंतर दर सहा महिन्यांनी नुसती गाडी ठेवल्याचा कर. विमा वेगळा, उभी करायला जागेचं भाडं वेगळं."

"विजेची?"

"तिला कर कमी आहे. पण उभी ती पण कुठं तरी करायलाच पाहिजे."

रघोजी आकडेमोडीला लागला. त्याला आकडे कळत नाहीत असं नाही, पण रुपयांचा तो विचारच करत नाही. त्याचा हिशेब ओरत्तनाडुच्या बागेतल्या नारळाच्या झाडांत चालतो. बराच वेळ ओठ हलवून तो म्हणाला, "बरं. मी घेऊन देतो. अर्धी बाग विकली तर गाडी येईल?"

"गाडी येईल, मामा. कराला उरलेली बाग लागंल."

मला हसू फुटलं, पण संगीताला नाही. तिने टवऱ्याची वाटी अशी आपटली की कॉफी ओट्यावर सांडली. "अप्पा, गाडीबरोबर द्यायला मी काय टायर आहे? ह्याला हुंडा म्हणतात!" ती आत निघून गेली. कार्तिकेय उठला आणि हात जोडून म्हणाला, "मला गाडी नको, मामा. तुमच्याकडून तर नकोच." आणि तोही गेला. चिक्कूपणाचा आरोप तरी तिथेच मिटायला हवा होता.

पण नाही. रघोजीने मान हलवली. "सोयरीक जमत नाही. घोडं नाही, मुलगी नाही."

आता मात्र माझा तोल सुटला. मी त्याला काय काय म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. त्यातलं थोडं तमिळमध्ये होतं, कारण काही शब्द तमिळमध्येच नीट लागतात. शेवटी म्हटलं, "आपल्या खापरपणजोबाचा मेलेला घोडा पोरीच्या संसारावर का उभा करतोस? कुंकू फासायला लोखंड मिळालं नाही म्हणून?"

"कुंकवाला नाही," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला. "घोडं कसाला लागतं, तुला ठाऊक आहे? पोरीला माहेरी आणायला. तुझी तलै दीपावळी आठव."

लग्नानंतरची पहिली दिवाळी माहेरी करायची असते. तिला आम्ही इथल्या तमिळ लोकांसारखंच तलै दीपावळी म्हणतो. माझं सासर ओरत्तनाडुच्या पलीकडे, दिवसाला एक बस येणारं खेडं. त्या वर्षी पावसाने कालवा फुटला, बस बंद झाली. नवऱ्याकडे सायकल. गुडघाभर पाण्यात सायकल काय करणार? मी गेले नाही. पुढच्या वर्षी गेले, आणि मधलं वर्ष विसरूनही गेले.

"आईने तेल तापवून ठेवलं होतं," रघोजी म्हणाला. "मी बसस्टँडावर होतो. ओरत्तनाडुहून शेवटची बस आली, ती पण रिकामी. घरी येऊन आईला काय सांगू ते मला सुचेना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "डेन्मार्क तर ओरत्तनाडुच्या किती पलीकडे आहे. पोरगी रुसली, आजारी पडली, नुसती आठवण आली, तर सायकलवरून येणार?"

इतकी वर्षं मी त्याला हट्टी समजत होते. हट्टी तो आहेच, पण त्या हट्टाच्या मुळाशी मी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. डोळे पुसले, मोपेड काढली आणि तडक तिरुवैयारु गाठलं. कार्तिकेयला म्हटलं, "त्याला तुझी गाडी नको आहे. त्याला त्याची पोरगी परत दिसायला हवी आहे. काय करायचं ते तू बघ." मग परत येऊन रघोजीला दम भरला की साखरपुडा होणार, तू रीतीप्रमाणे प्रश्न विचार, आणि उत्तर पटलं नाही तर उठून जा. चारचौघांत तो माझा शब्द मोडणार नाही हे मला ठाऊक होतं. नंतर मात्र महिनाभर बोलला नसता.

साखरपुडा संध्याकाळी होता. अमरसिंह ह्यूस्टनहून रघोजीच्या फोनवर हजर. त्याला दिसावं म्हणून फोन केळ्यांच्या घडाला टेकवून ठेवला होता. रघोजीने कुंकवाची कोयरी हातात घेतली. संगीता मान खाली घालून बसली होती, पण तिचे कान बापाकडेच लागले होते.

"घोडं कुठं बांधलंय?" त्याने विचारलं.

"बांधलंच नाही, मामा," कार्तिकेय म्हणाला. "मी गाडीच्या दुकानात विचारून आलो. घेतली, तर ती नुसती ठेवायला वर्षाला जे लागतं ना, कर, विमा, जागा, अस्की धरून, तेवढ्यात दोघांचं त्रिचीपर्यंतचं विमानाचं जाणं-येणं होतं. दर वर्षी. म्हणून मी गाडी घेणार नाही." त्याने खिशातून आपला फोन काढून पुढे धरला. "ही तलै दीपावळीची तिकिटं. काल काढली."

रघोजीने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. तारीख वाचली. परत वाचली. मग कुंकवात बोट बुडवलं आणि त्या काचेवर असा ठसठशीत टिळा लावला की भामा ओरडली, "अहो, नवा फोन आहे तो!"

"संगीताचं नाव नीट आलं आहे ना रे?" त्याने विचारलं. आणि मग सगळ्यांसमोर हातातली कोयरी रोखून म्हणाला, "माझी एकच अट. तेकडे जन्मात गाडी घ्यायची नाही. कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही."

कार्तिकेयने शपथ घेतली. हशा पिकला, संगीता हसता हसता रडली, आणि आमच्या घराण्यात प्रथमच गाडी नसल्याबद्दल मुलगी दिली गेली. केळ्यांच्या घडाजवळून अमरसिंहाचा आवाज येत होता. "अण्णा, मला दिसत नाही! जावयाची गाडी कंची?"

रघोजीने फोन उचलला. "गाडी नाही. म्हणून माझी पोरगी दर वर्षी घरी येणार." त्याने फोन आणखी जवळ धरला. "तू कधी आला होतास रे शेवटचा?"

अमरसिंह हळूच म्हणाला, "झाली बरीच वर्षं, अण्णा."

"दोन आहेत ना तुझ्याकडे?" रघोजी म्हणाला. "त्यातली एक वीक, आणि ये."