उभ्या ज्वारीतलं पाऊल

येलदरीच्या धरणाकाठी शाळेनं थंडीतलं निसर्ग शिबिर भरवलं होतं आणि सातवीतल्या सृष्टीची हुशारी नुसती उतू चालली होती. भागवत सरांनी एकदा सांगायचा अवकाश, हिच्या डोक्यात पक्कं. कुत्रं भरकटत चालतं, लांडगा सरळ रेषेत चालतो, हे बाकीच्यांना पाठ व्हायला दोन दिवस लागले. ही पहिल्याच सकाळी गाळातला माग दाखवून मोकळी झाली. आपल्या बापानं एकदा येऊन बघावं, एवढीच तिची इच्छा. पण परमेश्वरला शेळ्यांमागून सवड कुठली? त्यातल्या चार शेळ्या लांडग्यांनी नेल्यापासून तर तो घरातही धड बोलत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेला लांडगीच मेलेली सापडली. तोंडाला फेस, आचळांत दूध उतरलेलं. पिल्लं कुठंतरी वाट बघत असणार आणि आता तीही जाणार, हे सरांनी पोरांपासून लपवलं नाही. माग उलटा काढा म्हणाले, म्हणजे तिनं काय खाल्लं ते कळेल.

सृष्टी पुढं निघाली. पाण्याजवळ झोकांड्या खाल्लेली पावलं मागं जावं तशी सरळ होत गेली आणि बन्सीधर पाटलाच्या ज्वारीत शिरली. तिथं शेळीचं अर्धवट खाल्लेलं धड पडलं होतं, फवारणीच्या औषधाचा उग्र वास मारत. शेजारी ओल्या मातीत एक पाऊल होतं.

"माणूस," ती वर्गात उत्तर द्यावं तसं खणखणीत बोलली. "अनवाणी. उजव्या पायाला धाकटी दोन बोटं न्हाईत."

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. परमेश्वरची ती दोन बोटं मळणीयंत्रात गेलेली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं पाय पुढं टाकून पाऊल मोडायला बघितलं, पण सरांनी फोटो आधीच काढला होता. अक्कल पाजळायची हौस नडते म्हणतात. बारा वर्षांच्या पोरीला ती एवढी नडू नये.

दुपारी वनखात्याच्या गाडीतून परमेश्वरला तिथंच आणलं. त्यानं काही नाकारलं नाही. पायात चप्पल आहे, मग त्या वेळी का काढली, एवढंच गार्डाला उमगत नव्हतं.

"उभ्या ज्वारीत चप्पल घालून कोन जातंय, साहेब?" परमेश्वर म्हणाला. विष ठेवायला गेलेला माणूस, पण पिकातल्या लक्ष्मीला चप्पल लागू नये म्हणून ती बांधावर काढून आत गेला होता.

मग त्यानं पाऊल कुणी ओळखलं ते विचारलं. सर खाली बघायला लागले.

"म्या," सृष्टी म्हणाली. तिला बापाची भीती वाटत नव्हती, स्वतःची किळस येत होती.

तो जवळ आला. "गावात कुनी इचारलं तर सरांनी वळखलं म्हन. तुजं नाव सांगू नको."

ती नुसती मान हलवत राहिली. गाडी निघून गेली. तिच्या पाठीशी बावीस पोरं उभी होती आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.