किर्री आली का?

“आली का हो काका, तुमची माहेरवाशीण?” मॅनेजरबाईंनी वरच्या खिडकीतूनच विचारलं.

ट्रॅक्टरकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. “नाही मॅडम. या वर्षी काही खरं नाही.”

“अजून थोडे दिवस थांबायचं का?”

“गवत पार वाळत आलंय. उद्या एखादी ठिणगी पडली तर विमानांसकट आपण सगळे भाजून निघू. मीच सांगतो, कापायला हवं.”

हे बोलताना काकांनी तोंड फिरवलं, हे बाईंना दिसलं. त्यांनी हळूच खिडकी लावून घेतली.

विमानतळ म्हणायचं ते आपलं कौतुकानं. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, तिच्या माळ्यावर ऑफिस, खाली बोटांवर मोजण्याइतकी लहान लहान विमानं, आणि मग नजर जाईल तिथवर गवत. ते कापायचं काम ट्रॅक्टरकाकांचं. लग्न व्हायच्या आधीपासून ते हेच करत आले होते. आणि या गवतात दरसाल थंडी सरली की लांब दक्षिणेकडून एक चिमणी यायची, जमिनीवर घरटं करायची, पिल्लं मोठी करायची आणि पुन्हा थंडी पडायच्या आत चालती व्हायची. पुस्तकात तिला काय म्हणतात देव जाणे, इथले लोक तिला किर्री म्हणत.

किर्री दिसायची मारामार. रंग वाळक्या गवताचा, आणि उडायचं सोडून उंदरासारखी बुडख्यांमधून पळणार. ती आली हे कळायचं ते फक्त आवाजावरून. आवाज तरी कसला, चिमणीच्या जातीला न शोभणारा! बारीक, कोरडा, किड्यासारखा किर्रर्र. पूर्वी या भागात कुरणं पुष्कळ होती आणि प्रत्येक कुरणात किर्री होती. एका कुरणावर गोदामं झाली, दुसऱ्यावर घरं, तिसऱ्यावर नुसतीच कुंपणं. आता उरलं होतं एवढंच गवत.

म्हणून इथे रीतच पडली होती. काकांनी कानानं किर्री ऐकायची, तिथे लाल फडक्याची काठी रोवायची, आणि पिल्लं उडेपर्यंत मोठे मोठे वैमानिकसुद्धा त्या बाजूला पाऊल टाकायचे नाहीत. काकांचा शब्द शेवटचा. या वर्षी मात्र काका रोज सकाळी गवतात उभे राहत, कानामागे पंजा धरत, श्वास रोखत. वारा ऐकू येई. लांबची मालगाडी ऐकू येई. किर्री नाहीच.

काकांनी हायच खाल्ली. ताटावर बसत आणि उठत. “सख्खी लेक सासरी गेली तेव्हा डबल जेवला होतात,” काकू म्हणाल्या, “आणि चिमणीसाठी उपास?” पण त्यांनाही आतून कळत होतं. एका चिमणीचं येणं थांबलं म्हणजे या माणसाचं वर्षच सुरू व्हायचं थांबलं होतं.

तर त्या सकाळी काका ट्रॅक्टर घेऊन कुरणाच्या मधोमध आले. कडेनं कापत आत गेलं की ससा-बिसा मध्ये कोंडतो आणि पात्यात सापडतो. म्हणून मधून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, हे काकांचं जुनं वळण. आले खरे, पण पातं खाली सोडायला हात उठेना. मग त्यांना एकाएकी आठवलं की नट तपासायला हवेत. इंजिन बंद करून ते खाली उतरले आणि चांगले घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट करत बसले.

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या चाकोरीवरून काकू आल्या. हातात डबा, आणि चेहरा असा की डबा जेवायला आणलाय की मारायला, सांगता येऊ नये.

“फोन खिशात कशाला बाळगता हो? शर्ट उडू नये म्हणून?”

“वाजला असता तर घेतला नसता का?”

“वाजला असता? आत्ता वाजतोय! मीच लावलाय!”

काकांनी फोन काढला. पडद्यावर काकूंचा फोटो दिवा लागल्यासारखा उघडमीट करत होता. त्यांनी तो कानाशी नेला, झटकला, पुन्हा कानाशी नेला. “बिघडलाय मेला.”

“फोनला कशाला शिव्या देता? घरी किटली शिट्टी मारमारून कोरडी होते आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचता. मी म्हणते, किती तो आळस!” काकूंनी डबा ट्रॅक्टरवर ठेवला आणि कान झाकले. “आणि इथे तरी कसे बसता बाई? केवढे किडे किरकिरतायत!”

काकांच्या हातातला पाना खाली पडला.

“कुठे?”

“कुठे काय? सगळीकडे! हा काय इथे एक, तिकडे एक. आणि हा समोरचा तर नुसता डोकं उठवतोय.”

काकूंच्या बोटाच्या रोखानं काकांनी पाहिलं. एका वाळक्या देठावर, देठाच्याच रंगाची, मूठभर चिमणी बसली होती. मान मागे टाकलेली, चोच सताड उघडी, आणि गळा थरथर थरथर हलतोय. काकांच्या कानात काहीही नाही. नुसता वारा.

क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा भांबावला. मग ते हसायलाच लागले. हसता हसता मटकन गवतात बसले, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“अहो, काय झालं? बरं वाटत नाही का?”

“अगं, आली! आली ती! केव्हाचीच आली असेल! माझेच कान गेले गं!”

“कान गेले म्हणून हसतात का कोणी?”

“मग काय रडू? ती आली ना!”

लगेच त्यांनी ट्रॅक्टरवरचा वायरलेस उचलला. जाडे आवाज त्यांना अजून व्यवस्थित ऐकू येत, बाईंचा तर फारच. “मॅडम, कापायचं नाही. किर्री आलीय, भरपूर आलीय. चूक माझी, मला बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. आज पातं सोडलं असतं तर माझ्या हातानं सगळी घरटी गेली असती.”

पलीकडून बाईंचा आवाज आला, “काका, मग यापुढे आपल्याला सांगणार कोण?”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “माझ्याकडे काय बघता? मला तो आवाज अजिबात आवडत नाही.”

“आवडायची अट नाही,” काका म्हणाले.

आणि मग ट्रॅक्टरवरच्या काठ्या घेऊन दोघं गवतात निघाली. काकू पुढे, साडीचा घोळ वर खोचून, तोंडानं करवादत. त्या थांबून हात वर करत, की काका तिथे काठी रोवत. “इथे. नाही, जरा डावीकडे. अहो, तुमची डावी!” लाल फडकी एकामागून एक वाऱ्यावर उडायला लागली. शेवटी शेवटी काकू करवादायच्या थांबल्या आणि ओठांवर बोट ठेवून, डोळे मिटून ऐकायला लागल्या.

शेवटची काठी रोवताना देठावरची चिमणी टुणकन खाली उतरली आणि दिसेनाशी झाली. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

“थांबली का गं?”

“छे. आत बसून गातेच आहे.”

“कसं?”

काकूंनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग काकांच्या कानाशी तोंड नेऊन, जमेल तेवढ्या जाड्या आवाजात म्हणाल्या, “किर्रर्रर्र.”

“पुन्हा,” काका म्हणाले.