आधी माझा वाटा

आईने शुद्धीत असताना, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "खोली चेडवाची, बँकेतला झिलाचा." इच्छापत्रही तसंच करून घेतलं. चेडू म्हणजे मुलगी, मी कुंदा. झील म्हणजे माझा धाकटा भाऊ सुबोध. मरोळच्या त्या खोलीत मी जन्मले, लग्न झालं नाही, तिथेच राहिले. सुबोधचा बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट. त्यामुळे वाटणी कुणालाच खटकली नाही.

मग आईला विस्मरण जडलं. मलाच "ओ बाई" म्हणून हाक मारायची. सही कुठली करतेय! म्हणून कोर्टाने मला तिची पालक नेमलं. पोटची पोर आईची पालक, हसायचं की रडायचं? सुबोधने लगेच ना-हरकत दिली. न देऊन सांगतो कुणाला, हगणं-मुतणं मीच काढत होते. त्यापायी कारखान्यातली पॅकिंगची नोकरीही सोडली.

औषधं, डॉक्टर, रात्रीची बाई. घरात पैसा उरेना. वकील गंधाली म्हणाली, "कुंदाताई, आधी बँकेतल्या ठेवी मोडूया."

माझं टाळकंच सरकलं. "त्या माझ्या भावाच्या वाट्याच्या आहेत. पालक झाली आणि भावाचं खाल्लं, असं उद्या कुणी म्हणायला नको. आधी माझा वाटा जाऊ दे. खोली विका."

"नीट विचार करा हो."

"केला."

तिने तेव्हा माझ्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. जळला मेला तो मानीपणा!

कोर्टाच्या परवानगीने खोली विकली. अटीप्रमाणे सगळे पैसे आईच्या खात्यात गेले आणि आम्ही दोघी घाटकोपरला तीन महिन्यांच्या करारावर भाड्याने राहायला आलो. माझ्या मनात सरळ होतं. आईला लागतील तेवढे लागू देत, उरतील त्यातून नालासोपाऱ्याला का होईना, मला डोक्यावर छप्पर मिळेल.

दुसऱ्याच महिन्यात आई गेली. शेवटचे दिवस एकच धोशा, "माका घराक व्हर गे." घरी ने म्हणे! कुठल्या घरी नेणार होते मी तिला?

तेराव्यानंतर गंधालीकडे गेले. ती म्हणाली, "ताई, पालकपण आईबरोबर संपलं. आता इच्छापत्र बोलणार. त्यात तुम्हाला खोली आहे, पण खोली आता आईची राहिलीच नाही. आणि बँकेत असेल ते सगळं सुबोधचं."

"अगं, पण ते खोलीचेच पैसे ना!"

"भांडता येईल, वर्षं जातील. भावाने मनाने दिले तर प्रश्नच नाही."

तशीच सुबोधकडे गेले. तो म्हणाला, "ताई, आईची इच्छा मोडायची का आपण?" आणि रडायला लागला. खरंच रडत होता मेला. मी सवयीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याची बायको श्रुतिका चहा घेऊन आली. "ताई, तुम्ही इथेच या ना राहायला. माझी आई अंथरुणाला खिळलीय, तिला इकडे आणतोय. भरवशाची बाई मिळत नाही हो. तुम्हाला तर सगळं येतं."

असा संताप आला, वाटलं कप भिंतीवर भिरकावावा. पण घाटकोपरच्या खोलीचा करार महिनाअखेरीस संपत होता. मी चहा प्यायले.

"वजन किती आहे त्यांचं?" मी विचारलं. "एकटीला कुशीवर वळवता येतील ना?"