भरोशाचं माणूस

हेडसर रत्नमालाच्या मनातून कायमचे उतरले ते तालुक्याच्या प्रशिक्षणात. विषय होता लहान मुलांना चांगला-वाईट स्पर्श कसा समजवायचा, आणि निवृत्तीला टेकलेला हा माणूस मागच्या बाकावर रुमालात तोंड खुपसून हसत होता. परतताना जीपमध्ये म्हणाले, असली थेरं शहरातल्या शाळांना शोभतात. आपण एक फोटो काढायचा, अहवालाला चिकटवायचा अन् मोकळं व्हायचं.

रत्नमाला मुकुंदवाडीहून करमाडच्या पुढं, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला येजा करायची. तिचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणी लोकांच्या बांधावर उभं राहून शिव्या खाल्लेल्या, त्यामुळं लाचार माणूस तिला लांबूनच ओळखू यायचा. हेडसर ओळखायला तर लांबही जावं लागत नव्हतं. शाळा समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांची गाडी फाटकाशी दिसली, की हे वर्ग सोडून दार उघडायला पळत.

जमीन एमआयडीसीत गेल्यापासून आप्पासाहेबांनी कष्ट करणं सोडलं होतं आणि उपकार करणं सुरू केलं होतं. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले आणि गावचा टँकर त्यांच्याकडं आला. पाणी सरकारचं, पण आप्पासाहेब बोलायचे असं, की जणू घरच्या म्हशीचं दूधच वाटतायत. टँकर चालवायला भाचा होता, कृष्णा.

चौथीच्या वर्गात रत्नमालानं तो पाठ फोटोपुरता घेतला नाही. तुमचं अंग तुमचं आहे, तिनं सांगितलं. कुणी नको तसं धरलं तर मोठ्यानं नाही म्हणायचं, तिथून निघायचं आणि भरोशाच्या माणसाला सांगायचं. पोरं आधी लाजली. मग एकेक जण उठून "नाय!" म्हणू लागला आणि पत्र्याखाली तो आवाज घुमला. हेडसर दारात येऊन म्हणाले, बाई, जरा हळू. रस्त्यानं लोक जातात.

पुढच्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर शीला मागं राहिली. ती सारजाबाईची पोर. बाप चिकलठाण्याला कंपनीत, आजा सोनाजी मेंढरांमागं. खाली बघत, अडखळत तिनं सांगितलं, की टँकरजवळ पोरी कळश्या घेऊन थांबल्या की कृष्णा एकेकीला केबिनमध्ये चढवतो. तुझा नंबर आधी लावतो म्हणतो, मांडीवर ओढतो आणि सोडत नाही. काल त्यानं तिला पुन्हा ओढलं, तेव्हा ती ओरडली आणि कळशी टाकून पळाली. कळशीला पोचा आला म्हणून घरी मार बसला.

"तुमीच म्हनल्या ना, भरोशाच्या मानसाला सांगायचं," ती म्हणाली. "म्हनून आले."

रत्नमालानं तिला जवळ बसवून घेतलं. तिनं पोरीला सांगितलं, की तिचं काहीच चुकलेलं नाही, आणि सांगितलं ते फार बरं केलं. मग ती हेडसरांकडं गेली. हेडसरांनी ऐकताऐकताच खिडकी लावून घेतली. दुष्काळाचे दिवस आहेत, म्हणाले, टँकर थांबला तर गाव आपल्याला उभं करणार नाही. कायद्यानं पोलिसांत कळवावं लागतं, हे रत्नमालानं सांगितल्यावर त्यांनी उद्यापर्यंतची मुदत मागितली. एवढ्या वेळात निदान त्या पोरीचं नाव तरी विचारतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडसरांच्या खुर्चीत आप्पासाहेब बसले होते आणि हेडसर बाजूला हात बांधून उभे.

"पोरगं चेष्टेखोर हाय," आप्पासाहेब म्हणाले. "अन् मेंढक्याच्या पोरींनाच गाडीत बसायची हौस असती. तुमीबी त्यांच्यातल्याच ना, बाई?"

"व्हय, त्यांच्यातलीच," रत्नमाला म्हणाली. "आमच्यात लांडगा कळपात शिरला, तर त्याचा मामा कोण हे कुणी विचारीत नाय."

तिथून ती तडक सारजाबाईच्या घरी गेली. ऐकून सारजाबाई खाली बसली आणि तिनं पोरीला पोटाशी धरलं. कळशीपायी बसलेला मार तिच्याच हातचा होता. सोनाजीनं डोक्याला पटका गुंडाळला आणि पुढं निघाला. पोलीस ठाण्यात बाई अधिकाऱ्यानं शीलाशी सावकाश, नीट बोलून जबाब घेतला. पोरीनं तेवढा वेळ रत्नमालाचा पदर सोडला नाही.

कृष्णाला धरून नेलं आणि टँकर बंद झाला. चालक नाही, असा आप्पासाहेबांचा निरोप आला. रस्त्यानं जाताना बायका रत्नमालाला ऐकू जाईल असं बोलू लागल्या, की पाणी आता बाईंचा पदर पिळून प्या. हेडसर पारावर बसून सांगत होते, की मी बाईंना आधीच बजावलं होतं. या माणसाचा राग करणंसुद्धा रत्नमालाला वाया वाटलं. ती सारजाबाईला घेऊन तहसील कचेरीत जाऊन बसली, आणि दुसरा टँकर सुरू झाल्यावरच तिथनं उठली. पाणी आलं, तशी बायकांची तोंडं बंद झाली. त्यांतल्याच दोघी पुढं आपापल्या पोरींना घेऊन तिच्याकडं आल्या. त्यांचेही जबाब झाले.

आप्पासाहेबांचं अध्यक्षपद काही गेलं नाही. महिन्याभरानं केंद्रप्रमुख शाळा बघायला आले, तेव्हा हेडसरांनी ताठ मानेनं सांगितलं, की हा विषय आमच्या शाळेनं असा काही प्रभावीपणे राबवला, की मुली स्वतः पुढं येऊन बोलल्या. मग ते रत्नमालाकडं वळले आणि म्हणाले, सांगा ना बाई.

रत्नमालानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, पायातल्या खड्याकडं बघावं तसं.

"सर, कोन बोलल्या त्यांची नावं सांगा," ती म्हणाली.

हेडसरांना एकही नाव आलं नाही. केंद्रप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवला. रत्नमाला उठली आणि तिसरीच्या वर्गावर गेली, कारण तो पाठ तिथं अजून घ्यायचा राहिला होता.