कुठली रेघ कागदाची

काकांच्या फोटो स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. खरं तर पटत नव्हतं ते काकांचं आणि त्यांच्या पुतणीचं, भिंगरीचं. काकांकडे दरवर्षी वर्गणी भरून घेतलेलं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर; भिंगरीच्या जुनाट लॅपटॉपवर इंटरनेटवरून फुकट उतरवलेलं. शाळा सुटली की दप्तर खुर्चीखाली सरकवायचं आणि वाद सुरू.

"काका, तुमच्यात जे आहे ते सगळं माझ्यातही आहे."

"आहे ना! फक्त सापडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं."

त्या दुपारी कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशी आल्या. भिंगरीचा गणवेश त्याच शिवायच्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून फोटो. त्यांच्या मुलाचा. मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात पाणी शिरलं तेव्हा बाकीचे फोटो गेले, हा एकच उरला. तोही चुरगळलेला, चेहऱ्यावर नुसतं रेघांचं जाळं.

"हल्ली डोळे मिटले तरी त्याचा चेहरा नीट येत नाही गं," मावशी म्हणाल्या. "मोठा करून द्या. बघितल्यावर तो दिसला पाहिजे."

फोटो स्कॅन झाला, दोघांकडे एकेक प्रत गेली. आता होऊनच जाऊ दे, असं भिंगरीनं डोळ्यांनीच काकांना सांगितलं.

काकांनी एक बटण दाबलं. पट्टी सरकली, रेघा गायब! ते हाताची घडी घालून ऐटीत बसले. भिंगरी मात्र पडद्यावरच्या ब्रशनं गालाचा चांगला भाग उचलून रेघेवर बसवत होती, प्रत्येक रेघेवर वेगळा थर, एकेक ठिपका करत, जीभ दातात धरून. चहा गार झाला, मान अवघडली. पण शेवटी असं सफाईदार काम झालं की काका खुर्ची ओढत बघायला आले.

"हं," ते म्हणाले. काकांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या टाळ्या. भिंगरीला आभाळ ठेंगणं झालं.

"मावशी, सांगा बरं, कुणाचा चांगला?" तिनं विचारलं.

मावशींनी चष्मा पुसला. या पडद्याकडे पाहिलं, त्या पडद्याकडे पाहिलं.

"दोन्ही छान आहेत. पोरगा देखणा आहे. पण हा माझा नाही."

त्या पडद्याच्या अजून जवळ सरकल्या.

"भुवईत खोक होती त्याच्या. लहानपणी शिवणयंत्रावर आपटला होता. ती कुठाय?"

वर्गणीवाल्यानं पुसली होती, फुकटवाल्यानंही. भिंगरीनं तर स्वतःच्या हातानं, फोटो मोठा करकरून पुसली होती. कागदाची घडी समजून.

एरवी काकांनी काहीतरी टोमणा मारला असता. आज त्यांनी मावशींसाठी खुर्ची पुढे केली. "माझ्यात सगळं एका फटक्यात झालंय. तुझे थर वेगळे आहेत ना गं?"

"हो काका. रेघेगणिक एक."

"मग तुझ्यावरच करू."

भिंगरी एकेक थर बंद करू लागली. त्याखालची मूळ रेघ दिसायची; कागदाची निघाली की थर पुन्हा चालू.

"ही?"

"ही कागदाची."

"आणि ही?"

"ही त्याची! हीच ती भुवईतली खोक. बघ, खोडी काढली की असाच बघायचा माझ्याकडे." मावशी हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग ओठाच्या कडेची बारीक रेघ आली.

"ही, मावशी?"

मावशी पुढे झुकल्या. त्यांचं बोट पडद्याजवळ जाऊन थांबलं.

"ही... मला आठवत नाही गं."

भिंगरीनं काकांकडे पाहिलं. काका कीबोर्डकडे बघत होते. तिनं अगदी हळू विचारलं, "ठेवू की पुसू?"

मावशींचं बोट त्या रेघेवरून अलगद फिरलं.

"ठेव," त्या म्हणाल्या. "कागदाची असली तर असू दे. पण त्याची असली आणि मीच पुसायला सांगितली तर?"

भिंगरीनं त्या रेघेवरचा थर बंदच ठेवला आणि फोटो छापायला पाठवला.