उद्घाटनाच्या फोटोतला मी

मुलाच्या साखरपुड्यासाठी हे हॉटेल मीच सुचवलं. व्याही गोपीनाथराव इथल्याच, लखनौच्या मानक नगरचे, रेल्वेत इंजिनिअर. त्यांच्यावर छाप पाडायला मी सांगून बसलो होतो, "याच्या उद्घाटनाला मी खास पाहुणा होतो. तेव्हा इथे नुसती मोहरीची शेतं." शेतं खरी होती. पाहुणा बँकेतला आमचा मॅनेजर होता. त्याला ताप आला आणि आमंत्रण माझ्या टेबलावर आलं.

आज लॉबीत शिरलो तर भिंतीवर उद्घाटनाचे फोटो मोठे करून लावलेले. एकात मी. अंगात सूट, हात जोडलेले, पायांत नुसते मोजे, आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर. समोर हार घातलेला पितळी गणपती दिसला म्हणून मी बूट काढले होते. मूर्ती शोभेची आहे, हे फोटो निघाल्यावर कळलं.

फोटोला पाठ टेकून मी तिथेच उभा राहिलो. येणारा प्रत्येक जण मला नमस्कार करून आत जाई.

गोपीनाथराव भारावले. "नरहरराव, मुलाकडचे असून दारात स्वागताला?"

"आमच्याकडे रीतच आहे," मी म्हणालो. थापांच्या खात्यात आणखी एक नोंद.

बायको, देवयानी, दोनदा बोलवून गेली. "अहो, संकेत खोळंबलाय. भिंतीला चिकटलात का?"

शेवटी होणारी सूनच आली. ऋता लखनौतच वाढलेली. मराठी कळतं, उत्तर हिंदीत. "बाबा, आप नहीं आएँगे तो मैं अंगूठी नहीं पहनूँगी."

आता हलणं भाग होतं. हललो. तिने फोटो पाहिला, मग मला. मागे गोपीनाथराव होतेच.

"ये आप हैं?"

"मीच. खास पाहुणा वगैरे नव्हतो. मॅनेजरला ताप होता."

गोपीनाथराव चष्मा लावून फोटोजवळ गेले. "चौकशी केल्याशिवाय का मुलगी देतोय आम्ही? तापाचं तेव्हाच कळलं होतं. अंगठ्याचं मात्र कोणी बोललं नाही."

गणपती अजून कोपऱ्यात होता. "अच्छा, तो यहाँ चप्पल उतारते हैं," म्हणत ऋताने सँडल काढल्या आणि वाकून नमस्कार केला. संकेतनेही बूट काढले. मग गोपीनाथरावांनी.

"तुम्हीही काढा," देवयानी म्हणाली.

मी बुटातल्या बुटात अंगठा आखडला आणि लांबूनच, बुटांसकट हात जोडले.