म्हाळूआबांचा अंगठा

मृत्युपत्र म्हणजे माणसाचा अखेरचा शब्द, आणि तो राखणं हे वकिलाचं पवित्र कर्तव्य. शिरूरच्या कोर्टात हे वाक्य मी बावीस वर्षं वापरलं. केंदूरच्या शंकररावांचा अखेरचा शब्द मात्र घाईत उरकला, कारण साडेपाचची एसटी चुकली की गावातच मुक्काम पडायचा.

शंकररावांना मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर तिची विधवा बहीण कुशाबाई हिनंच त्यांचं दुखणं-खुपणं, हगणं-मुतणं सगळं काढलं. म्हणून त्यांनी दोन खोल्यांचं घर तिच्या नावे लिहून दिलं. कायद्यानं मेहुणी वारस नसते. मृत्युपत्र टिकलं तर घर, नाहीतर रस्ता.

१९९६ साली शंकरराव, गावाचे आप्पा, वारले आणि तेराव्याच्या आतच पुतण्या मल्हारनं दावा लावला. मृत्युपत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी गावच्या शाळेतले गुरुजी पहिल्याच वर्षी गेले. सही आपल्या डोळ्यांसमोर झाली, हे कोर्टात सांगायला उरले एकटे म्हाळूआबा. वय पंचाहत्तर, शिवाय दमा.

मी कुशाबाईला म्हटलं, "यांना सांभाळा. हे गेले तर घर गेलं."

तिनं सांभाळलं. सात वर्षं दोन वेळची भाकरी, सकाळी कपभर दूध, थंडीत नवं घोंगडं, दम्याच्या गोळ्या. मल्हारचा वकील तारखा घेत राहिला, आबा जगत राहिले.

"वकीलसायेब," ते मला म्हणायचे, "पोरांनी केलं नसतं येवढं तुमच्या केसनं केलं."

२००३ साली एकदाची साक्ष निघाली. आबांनी शपथ घेतली आणि पिंजऱ्याचं लाकूड घट्ट धरलं.

"शंकररावांनी तुमच्यासमोर सही केली?" मी विचारलं. उत्तर आम्ही वीसदा घोकलं होतं.

आबांनी कुशाबाईकडे पाहिलं. "सात वर्सं हिच्या हातचं खाल्लंय, सायेब. खाल्ल्या मिठाला जागाया पायजे. खोटं न्हाई बोलायचो. आप्पानं सही केली तवा मी तिथं नव्हतोच. ह्ये वकीलसायेब मला स्टँडवर घावले. एसटीच्या पायरीवर कागद ठिवून माझा अंगठा घेतला. कंडक्टर बेल मारत हुता."

मल्हारचा वकील हसला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि साक्षीदार फितूर झाल्याचं कोर्टाला सांगितलं.

बाहेर कुशाबाईनं विचारलं, "फितूर म्हंजी?"

"समोरच्याला मिळालेला."

"न्हाई वो. खरंच की बोलला म्हातारा." मग जरा थांबून, "त्ये एसटीचं तुम्ही मला कवा बोलला न्हाई."

मी घड्याळात पाहिलं.

आबा लांब, सायकलींपाशी उभे होते. कुशाबाईनं लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडलं. "या, आबा. गोळी उपाशीपोटी चालत न्हाई."

आबा आले, बसले, घास घेतला. "ठेचा लई तिखट झालाय, ग," म्हणाले.

पुढच्या वर्षी निकाल लागला. कुशाबाई यवतच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापते. घरात मल्हारचा कांदा असतो.